नैरोबी, पार्कलँड्स: नवीन वस्तीत शेजार जोडायचा आहे, मदत हवी आहे

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

नैरोबीत राहणाऱ्या किंवा राहून गेलेल्या सगळ्यांना विचारते आहे. दार-एस-सलाम, कंपालाकडच्यांनीही जरूर लिहा, पुष्कळ गोष्टी सारख्या असतील.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही केनियात आलो. घरात आम्ही दोघं, तिसरीतला मुलगा आणि सासूबाई. सुरुवातीला कंपनीने वेस्टलँड्समधल्या एका उंच इमारतीत घर दिलं होतं. सोय सगळी होती, पण लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कुणाशी ओळख झाली नाही. शनिवार-रविवार भारतीय मित्रांकडे जायचं, त्यांनी आपल्याकडे यायचं. आपण कुठल्या देशात आहोत हे दिवसचे दिवस आठवायचंही नाही. ते मला फार खुपत होतं. म्हणून करार संपल्यावर पार्कलँड्समध्ये जुन्या पद्धतीच्या चार मजली इमारतीत घर घेतलं. एका कंपाउंडात तीन इमारती, मध्ये मोकळी जागा, संध्याकाळी पोरं तिथे फुटबॉल खेळतात. समोरच्या दारात लुओ जमातीचे एक शिक्षक आणि त्यांचं कुटुंब, वर सोमाली आजी आणि त्यांच्या सुना, तळमजल्यावर किकुयू जमातीच्या बाई एकट्या राहतात, बाजूच्या इमारतीत पिढ्यानपिढ्या इथेच असलेली दोन गुजराती घरं.

दूध, डाळी, पीठ, कढीपत्ता कुठे मिळतो हे विचारायचं नाही. डायमंड प्लाझा आणि सिटी पार्कचा भाजीबाजार माहीत आहे. मला विचारायचं आहे ते शेजारधर्माचं.

सांगलीत नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, दुसऱ्या दिवशी आपण वाटीभर काहीतरी देतो, झालं. इथे मी काय करू? प्रत्येक घराला लोखंडी जाळीचं दार, भिंतीवर विजेची तार, फाटकावर पहारेकरी. कुणाची कडी वाजवली तर आवडेल का? घरी केलेलं दिलेलं खातील का? वरच्या आजींना हलालचा प्रश्न येईल का?

दुसरं जरा तातडीचं आहे. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटात आल्या आल्या निरोप आला की केअरटेकरचे वडील काकामेगाला वारले, ज्यांना जमेल त्यांनी मदत पाठवावी. खाली नावं आणि रकमांची यादी वाढतेय. माझ्या ओळखीच्या एका भारतीय बाईंनी सांगितलं, "असले निरोप रोज येतात, एकदा दिलंस की मागे लागतील." मला हे पटत नाही. माणूस गेला आहे आणि तो आपला पाण्याचा पंप चालू करणारा माणूस आहे. पण किती द्यायचं, भेटायला जायचं का, तिथे काय बोलायचं, हे समजत नाही.

तिसरं. इथे आपल्यातले काही लोक पन्नाशीच्या पहारेकऱ्याला "बॉय" म्हणून हाक मारतात. मुलाच्या कानावर हे पडू नये असं मला मनापासून वाटतं. मग योग्य हाक कोणती?

आणि सासूबाई. त्यांना मराठी, थोडी हिंदी येते, इंग्रजी नाही. गावी त्या सकाळी फिरायला, देवळात, बाजारात एकट्या जायच्या. इथे दिवसभर खिडकीत. त्यांना कुठे जाता येईल?

पाण्याबद्दलही कुणी सांगाल तर बरं. नळाला ठरावीक दिवशीच येतं, बाकी बोअरचं.

---

जुना_नैरोबीकर

ताई, प्रश्न योग्य जागी विचारलात. क्रम बदलून उत्तरं देतो, कारण वर्गणीचं आजच करायला हवं.

वर्गणी पाठवा. आजच. इथे मरण, आजारपण, मुलांची फी, लग्न, सगळं लोक मिळून उचलतात. हरांबे म्हणतात त्याला, देशाच्या राजचिन्हावर हाच शब्द कोरलेला आहे. पार्थिव गावी नेणं, शवागाराचं भाडं, मंडप, आलेल्यांचं जेवण, हा खर्च केअरटेकरच्या पगाराच्या कितीतरी पट असतो. ५०० शिलिंग दिलेत तरी चालतात, १,००० दिलेत तर चांगलंच. रकमेपेक्षा यादीत घराचं नाव असण्याला महत्त्व आहे. गटात जो नंबर दिला आहे त्यावर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, पाठवा. पैसे पक्के करण्याआधी समोर येणारं नाव खजिनदाराचंच आहे ना, एवढं बघून घ्या.

बहुतेक दफन शुक्रवारी किंवा शनिवारी गावी होतं. त्याआधी संध्याकाळी माणसं जमतात, प्रार्थना होते, हिशेब सांगितला जातो. तुमच्याच कंपाउंडात जमणार असतील तर दोघं जा. हात हातात घ्या, "पोले साना" (फार वाईट झालं) म्हणा, प्लास्टिकच्या खुर्चीवर अर्धा तास बसा. फार बोलावं लागत नाही. प्रार्थना सुरू झाली की उभं राहायचं. तुम्ही आलात हे लोक लक्षात ठेवतात. भारतीय घरातून पैसे येतात पण माणूस येत नाही, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

ती कुठून आली तेही सांगतो. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून ३० हजारांवर मजूर आणले. त्यातले बहुतेक परत गेले. काही राहिले, त्यांच्यामागून व्यापारी आले. इंग्रजांच्या राज्यात वस्त्या वर्णावरून ठरायच्या. करेन, मुथाइगा गोऱ्यांचं, पूर्वेकडचा भाग आफ्रिकी लोकांचा, आणि पार्कलँड्स, न्गारा, पांगानी या बाजूला आपले लोक. शाळा वेगळ्या, इस्पितळं वेगळी. स्वातंत्र्य १९६३ ला आलं, पण कुंपणं इतक्या लवकर मनातून जात नाहीत. २०१७ च्या जुलैमध्ये सरकारने इथल्या आशियाई समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. कागदावर आपण आत आलो. बाकीचं काम शेजाऱ्याच्या दारात उभं राहूनच व्हायचं आहे.

पहारेकऱ्याचं: वयाने मोठा असेल तर "म्झे" म्हणा, हा मानाचा शब्द आहे. पण त्याहून चांगलं म्हणजे नाव विचारा आणि नावाने हाक मारा. मुलालाही तेच शिकवा. त्यांची पाळी बहुधा बारा तासांची असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे रात्री १०-१२ अंशांपर्यंत पारा उतरतो, तेव्हा थर्मासभर दुधाचा चहा फाटकावर पाठवणारी घरं आहेत, आमचंही त्यातलंच एक.

शेजाऱ्यांची कडी जरूर वाजवा, पण दुपारी चारनंतर किंवा शनिवारी. रविवार सकाळ चर्चची. आधी नमस्कार-चमत्कार, तब्येतपाणी, मग काम. घाईने मुद्द्यावर आलेलं इथे उद्धट वाटतं.

पाण्याचं थोडक्यात. नैरोबीच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि ते उकळून जात नाही. मुलगा लहान आहे, दातांवर डाग पडतात. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला, प्यायला आणि स्वयंपाकाला २० लिटरच्या बाटल्या घ्या. पालिकेच्या पाण्याचा दिवस असेल तेव्हा ते वेगळं साठवा. विजेचं मीटर प्रीपेड असेल तर टोकन, म्हणजे आधी भरलेली वीज, संपत आल्याचा आवाज येईपर्यंत थांबू नका.

---

शेवंती_के

मी किलेलेश्वामध्ये राहते, आधी साउथ सी या वस्तीत होते. खाण्याचं मी सांगते.

सांगलीकर, अजिबात संकोच करू नका. चपाती इथे सणाचं अन्न आहे! नाताळला, पाहुणे आले की घरोघरी चपात्या लाटतात. समोसा, भजी तर इथल्या रस्त्यावर मिळतात, त्यांना ती परकी वाटतच नाहीत. मी पहिल्यांदा समोरच्या घरी पुरणपोळी दिली तेव्हा त्यांनी "गोड चपाती" म्हणून सगळ्या मजल्याला सांगितलं. तिखट मात्र कमी ठेवा. आपल्या हिशेबाने फिकं ते त्यांना ठीक लागतं. सोमाली आजींना शाकाहारी पदार्थाची काहीच अडचण येणार नाही, फक्त रमजान चालू असेल तर सूर्यास्ताच्या आधी पोचेल असं पाठवा, म्हणजे उपवास सोडताना ताटात पडेल.

आणि तुम्ही कुणाकडे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. फुलं-बिलं नकोत. साखर, पाव, दुधाची पिशवी, फळं असं न्या. ते तुमच्याकडे आले तरी हेच आणतील, ते नको म्हणून परत करू नका. जेवायला बसलात की आधी कुणीतरी प्रार्थना म्हणेल, तोवर ताटाला हात लावायचा नाही.

तुमच्या कोपऱ्यावर भाजीची टपरी असेल, मामा म्बोगाची. मामा म्हणजे इथे आई, म्बोगा म्हणजे भाजी; भाजीवालीला असंच म्हणतात. सुपरमार्केटपेक्षा तिच्याकडून घ्या. त्या भागातलं कोण आजारी आहे, कुणाकडे काम आहे, कोणती खोली रिकामी आहे, तिला सगळं ठाऊक असतं. तेरेरे म्हणजे आपला माठ, कुंडे म्हणजे चवळीचा पाला, न्डेंगू म्हणजे मूग. सुकुमा विकी ही पालेभाजी मागितलीत तर तिथेच केसासारखी बारीक चिरून देते. आणि न्डुमा हा कंद आपल्या अळूचाच आहे. त्याची पानं इथे सहसा विकायला नसतात, पण मी सांगून ठेवलं तर माझी मामा म्बोगा गावाकडून आणते. सासूबाईंना घेऊन जा तिच्याकडे. भाजीला भाषा लागत नाही, दोघी हातवारे करून बरोबर समजून घेतील.

कापडी पिशवी न्यायला विसरू नका. २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे.

आता घरकामाला मदतनीस ठेवणार असाल तर एक कळकळीने सांगते. भारतीय बायका एकमेकींना "दर बिघडवू नकोस" असं बजावतात, ते ऐकू नका. इथल्या रोजगार कायद्याप्रमाणे घरात काम करणारीलाही आठवड्याला एक पूर्ण सुट्टी आणि वर्षाला २१ दिवसांची पगारी रजा आहे. किमान वेतन सरकार जाहीर करतं. निवृत्तीच्या निधीत आणि आरोग्य विम्यात तिची वर्गणी भरावी लागते, विम्याची पगाराच्या २.७५ टक्के. हे सगळं भरूनही आपल्याला परवडतंच. तिच्या मुलांची विचारपूस करा. तिचं जेवण वेगळ्या ताटलीत वेगळं ठेवू नका. शेजारच्या घरांना हे सगळं दिसत असतं, आणि दिसत नसतं तरीही.

---

सांगलीची_लेक

दोघांचे मनापासून आभार. काल पैसे पाठवले आणि संध्याकाळी आम्ही दोघं खाली गेलो. तळमजल्याच्या बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि शेजारी बसवून घेतलं. काय चाललंय ते हळूच इंग्रजीत सांगत होत्या. निघताना त्यांनी विचारलं की आमच्या चामात येशील का. तेरा बायका आहेत, दर महिन्याला २,००० शिलिंग.

मी हो म्हणण्याआधी तुम्हाला विचारते. ही भिशीच ना? नवीन माणसाने लगेच शिरावं का?

शिवाय गणपती येताहेत. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. वेस्टलँड्सला आम्ही दार लावून आरती करायचो. या वेळी शेजाऱ्यांना बोलवावं असं फार वाटतं. पण समोरचे शिक्षक दर रविवारी चर्चला जाणारे, वरच्या आजी पाच वेळा नमाज पढणाऱ्या. मूर्तीसमोर यायला त्यांना अवघड वाटेल का? न बोलावणं जास्त वाईट की बोलावून संकोचात टाकणं?

आणि सासूबाईंच्या फिरण्याचं कुणीतरी सांगा ना.

---

मांडवीकाठ

सासूबाईंचं मी सांगतो, मी त्याच भागात राहतो.

देऊळ: स्वामिनारायण मंदिर जवळच आहे, पूर्वीच्या फॉरेस्ट रोडवर. त्या रस्त्याला आता झाडांसाठी लढलेल्या वांगारी माथाईंचं नाव आहे. तिथल्या गुजराती आज्यांशी हिंदीत सहज जमेल. फिरायला करुरा जंगल सर्वांत चांगलं, लिमुरू रोडच्या फाटकाने आत जा. तिकीट आहे, कुंपण आहे, वाटा आखलेल्या आहेत आणि सकाळी पुष्कळ वयस्क माणसं असतात. जाता जाता त्यांना हेही सांगा की हे जंगल बिल्डरांच्या घशात जाणार होतं. १९९९ मध्ये वांगारीबाई झाडं लावायला गेल्या तर त्यांना भाडोत्री गुंडांनी मारलं, डोकं फुटलं, तरी हटल्या नाहीत. पुढे २००४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

पार्कलँड्सच्या गल्ल्यांमध्ये उजेडात, दोघी-तिघींनी मिळून चालायला हरकत नाही. गळ्यात सोनं नको, फोन हातात नको. अंधार पडल्यावर चालत नाही, गाडी बोलवायची. निदर्शनांच्या दिवशी, विशेषतः २५ जून आणि ७ जुलैच्या आसपास, शहराच्या मध्यभागी जायचं नाही.

आणि सिटी पार्क. बाजारापर्यंत तर तुम्ही जाताच, पुढे उद्यानातही जा, पण सोबतीने. माकडं आहेत, मुलगा खूश होईल, खाऊची पिशवी मात्र सांभाळा. तिथल्या दफनभूमीत पियो गामा पिंटो यांची कबर आहे. मी गोव्याचा, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पिंटो १९२७ साली नैरोबीतच गोवेकर आईबापांच्या पोटी जन्मले, शिकायला भारतात गेले, गोवा मुक्तीच्या चळवळीत पडले, पोर्तुगीज अटक करणार म्हणून १९४९ मध्ये केनियात परतले. परतल्यावर काय केलं? आपल्या समाजाच्या क्लबात बसून राहिले नाहीत. स्वाहिली शिकले, आफ्रिकी चळवळीचं काम अंगावर घेतलं, इंग्रजांविरुद्धच्या माउ माउ लढ्यातल्या कुटुंबांना मदत पोचवली. इंग्रजांनी १९५४ पासून पाच वर्षं त्यांना कैदेत आणि नजरकैदेत ठेवलं. स्वतंत्र केनियात ते खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ ला स्वतःच्या घराच्या फाटकाजवळ गोळ्या घालून त्यांचा खून झाला. वय अवघं ३७. त्यांचे मित्र जोसेफ मुरुंबी, वडील गोवेकर, आई मासाई, पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनाही पिंटोंच्या जवळच विसावायचं होतं, त्यांची समाधी त्याच उद्यानात आहे.

तुमच्या मुलाला हे दाखवा. शाळेत कुणी त्याला विचारलं की तुम्ही भारतीय लोक आमच्यात का मिसळत नाही, तर त्याच्याकडे सांगायला एक नाव असेल. आपल्या घरांत पिंटोंचं नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

---

जुना_नैरोबीकर

चामा म्हणजे भिशीच, थोडे नियम जास्त. बैठकीला उशीर झाला तर दंड, गैरहजर राहिलात तर दंड, वहीत सगळं लिहिलेलं. काही चामा नुसते पैसे फिरवतात, काही त्यातून जमीन घेतात, कर्ज देतात. आधी एका बैठकीला पाहुणी म्हणून बसा, वही बघा, पाळी कशी ठरते ते विचारा. हे विचारलं तर कुणाला राग येत नाही, उलट बाई शहाणी आहे असं म्हणतील. मात्र एकदा शिरलात की मधूनच सोडू नका. तुमची पाळी आधी आली आणि नंतर बदली झाली, तर जायच्या आधी उरलेले हप्ते चुकते करायचे. परदेशी माणसाबद्दल त्यांच्या मनात हीच शंका असते, ती तुम्ही आपणहून बोलून दाखवलीत तर विश्वास लगेच बसेल.

चौकीदार, केअरटेकर आणि आसपासच्या दहा घरांचं मिळून न्युंबा कुमी म्हणून एक गट असतो, सुरक्षेसाठी. तुमच्याकडे चालू असेल तर नवऱ्याचं नाव त्यात द्या. अडीनडीला पोलिसांच्या आधी तेच येतात.

---

शेवंती_के

गणपतीचं माझं मत: बोलवा. पण आरतीला नको, नंतरच्या चहाला बोलवा. आधीच सांगा की आमच्या घरी सण आहे, पूजा सकाळी आमची आम्ही करतो, चार वाजता चहा-फराळाला या. ज्यांना मूर्ती बघायची ते बघतील, ज्यांना नको ते बैठकीत बसतील. प्रसाद म्हणून हातावर ठेवू नका, फराळाच्या ताटलीत मोदक सगळ्यांसारखाच वाढा, पण देवापुढे ठेवलेल्यातला त्यांना देऊ नका. आजींसारख्या श्रद्धाळू मुसलमान बाईला, आणि काही ख्रिस्ती लोकांनाही, नैवेद्याचं चालत नाही. त्यांच्यासाठीचे मोदक नैवेद्याआधीच वेगळे काढून ठेवलेत आणि तसं सांगितलंत तर त्या निर्धास्त खातील. हे सांगणं महत्त्वाचं. लपवून खाऊ घालणं फार वाईट.

मूर्ती मातीची करा, रंग न देता. इथली लाल माती छान मळली जाते, चाळून मात्र घ्या. विसर्जन घरीच बादलीत, मग ती माती कंपाउंडातल्या झाडांना. नदीत काही टाकू नका, नैरोबी नदी आधीच मरणपंथाला लागली आहे. ढोल-ताशा असेल तर संध्याकाळीच आटपा, रात्रीच्या आवाजावर इथे निर्बंध आहेत आणि शेजारीही लवकर झोपतात, पोरांच्या शाळेच्या बस पहाटे सुटतात.

---

सांगलीची_लेक

नैवेद्याचं माझ्या लक्षातच आलं नसतं, शेवंतीताई. फार उपयोगी सांगितलंत. चहाचंच बोलावणं करते, आणि वरच्या आजींकडे स्वतः जाऊन हे समजावून सांगते. त्यांची मोठी सून इंग्रजी बोलते.

सासूबाई आज माझ्याबरोबर भाजीला आल्या. मामा म्बोगाने त्यांना बसायला क्रेट दिला. मुलाच्या नावावरून मला सगळे "मामा ओम" म्हणायला लागलेच होते, आता सासूबाई "शोशो", म्हणजे आजी, झाल्या आहेत. उद्या पुन्हा जायचं म्हणतात.

चामाची बैठक या शनिवारी शिक्षकांच्या घरी आहे, मी पाहुणी म्हणून बसणार. शेवटचं विचारते: पहिल्या बैठकीला सोबत काय न्यावं? शंकरपाळे डबाभर करून ठेवलेत.

---

शेवंती_के

शंकरपाळे न्याच, चहाबरोबर संपतील. सोबत दोन किलो साखर. आणि वेळेच्या आधी पाच मिनिटं पोचा, पाहुणीलाही दंड लावतात काही चामांमध्ये.